येतो हं

१

आपल्याकडं माणूस घरातून निघतो तेव्हा कुठं जातो? कुठंच नाही. तो ‘येतो’. बाजाराला निघाला तरी येतो, परगावी निघाला तरी येतो, कोर्टात तारीख असली तरी येतोच. ‘जातो’ म्हणायची सोय नाही. जायचं ते एकदाच, तेही चौघांच्या खांद्यावरून, आणि त्या वेळी काही बोलायचं कामच पडत नाही.

रामकिसनची जीभ या बाबतीत फार वळणाची. लहानपणी एकदा शाळेला निघताना तो चुकून ‘जातो गं’ म्हणाला, तर आईनं भाकरी तव्यावर तशीच टाकून येऊन त्याच्या थोबाडीत दिली आणि मग स्वतःच पदर डोळ्याला लावून बसली. त्याच्या आधीचा एक भाऊ असंच म्हणून विहिरीवर गेला होता म्हणे. तेव्हापासून रामकिसनच्या तोंडात तो शब्द म्हणून आला नाही. बसच्या कंडक्टरला येतो हं, पोस्टातल्या कारकुनाला येतो हं. एकदा दाढ काढून देणाऱ्या डॉक्टरलाही तो तसंच म्हणाला. डॉक्टर म्हणाले, “नका हो येऊ, बत्तिशीत काहीतरी राहू द्या!”

त्यातला तो ‘हं’ खास त्याचा होता. शेवटाला जरा वर चढवायचा, लहान पोराची समजूत काढावी तसा. रोज सकाळी औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून चपला सरकवत तो म्हणायचा, “येतो हं,” आणि आतून त्याची बायको चतुरा हातातलं काम न सोडता म्हणायची, “या.” लग्न झाल्यापासून यात कधी खाडा नव्हता.

तो एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचा. पण हंगामी. उन्हाळा आला की नारळ हातात द्यायचे, जूनमध्ये मेहेरबानी असली तर परत बोलवायचे. कैक वर्षं हेच. बरोबरीची पोरं वाळूजच्या कारखान्यांत लागली, त्यांनी स्कूटरी घेतल्या. आणि हा एम. एस्सी. झालेला गडी दर मे महिन्यात सासऱ्याला तोंड चुकवत फिरायचा. ‘कायम’ हा एक शब्द त्या घरात देवासारखा झाला होता. कायम झालं की पलंग घेऊ, कायम झालं की मुलाबाळाचं बघू. चतुरा कधी चिडून बोलायची नाही, पण ‘कायम’ म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि रामकिसनला ते चिडण्यापेक्षा जास्त लागायचं.

२

त्याचे मामा नानासाहेब कॉलेज चालवणाऱ्या मंडळावर होते. गोदाकाठी पैठणच्या बाजूला त्यांची वडिलोपार्जित जमीन. ती आणि शेजारच्यांची मिळून तिथं कारखान्यांची वसाहत होणार होती. सगळं जुळून आलं होतं आणि मध्येच माशी शिंकली.

“वरून कागद आलाय,” एका रविवारी मामा खुर्चीत टेकत म्हणाले. “कुण्या शहाण्यानं अर्ज केला, की तिथं नदीला पाणमांजर आहे. ते म्हणे दुर्मीळ जनावर. सरकारनं त्याला संरक्षण दिलंय. माणसाला नाय दिलं, मांजराला दिलं! आता जाणत्या माणसानं जागा बघून लिहून द्यायचं, तिथं त्याचा रहिवास आहे का नाही. मी तुझं नाव सुचवलं.”

“माझं?”

“मग कुणाचं? घरात वैद्य असताना गावभर कशाला हिंडायचं?” मामांनी चतुरानं आणलेला चहा बशीत ओतला. “मंडळाची बैठक आहे पुढं. तुझी फाईल मी वर ठेवलीय.”

एवढंच बोलले. मामा पक्के होते, एक शब्द जास्तीचा बोलायचे नाहीत. रामकिसनला काय ते उमगलं. पण खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला आनंदच झाला होता. पाणमांजर त्यानं जिवंत कधी बघितलंच नव्हतं. कॉलेजच्या कपाटात पेंढा भरलेलं एक होतं, शेपटी कसरीनं खाल्लेली, डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या. तेच दाखवून तो पोरांना वर्षानुवर्षं शिकवत होता.

३

पैठणच्या यष्टीनं तो फाट्यावर उतरला आणि बांधाबांधानं नदीकडं निघाला. थंडी सरली होती, उन्हाला अजून धार नव्हती. ज्वारी काढणीला आलेली. नदी तिथं मोठा वळसा घेते आणि वळशाच्या पोटात डोह आहे. पलीकडं लव्हाळ्याचं बेट, अलीकडं ओल्या वाळूची पट्टी, तिच्यावर जुने उंबर, मुळ्या पार पाण्यात सोडलेल्या. जागा अशी, की बसावं, भाकरी सोडावी आणि डोळा लागावा.

तासाभरात त्याला सगळं सापडलं. खडकावर विष्ठा होती, तिच्यात माशांचे खवले चमकत होते. त्यानं ती काडीनं उचलून नाकाशी धरली आणि एकटाच खुदकन हसला. कुणी बघितलं असतं तर येरवड्याला पाठवलं असतं. उंबराच्या मुळ्यांखाली बीळ होतं, तोंड अंग घासून गुळगुळीत झालेलं. वाळूत पावलं होती, पाच बोटं आणि बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ. आणि मग लव्हाळ्यातून बारीक शिट्टी आली. दुसरीकडून दुसरी शिट्टी आली. रामकिसनचा ऊर भरून आला. त्याला वाटलं, नोकरी गेली खड्ड्यात, हे मी खरं लिहिणार.

“काय हारवलं का हो?” मागून आवाज आला.

एक म्हातारी मेंढरं पाण्यावर घेऊन आली होती. मंजुळाबाई, पाचोडकडची. तिचं बिऱ्हाड दर साली उन्हाळाभर या काठाला असायचं.

“पाणमांजर बघतोय, मावशी. आहेत का इथं?”

“हायेत की. मासं खात्यात, शिट्ट्या मारत्यात. आमच्या मेंढरांचं काय वाकडं करत नाय.” तिनं त्याला खालवर न्याहाळलं. “तुमी कारखान्याचे?”

“नाही, मी मास्तर. इथं ती राहतात का नाही, ते लिहून द्यायचंय.”

“मंग लिवा की राहत्यात म्हनून. त्यांच्या नावानं आमीबी ऱ्हाऊ. कारखाना आला तर ही मेंढरं काय तुमच्या औरंगाबादेत चारू?”

रामकिसन हसला. मेंढरं पाणी पिऊन चढावर लागली. म्हातारीनं काठी काखेत मारली, डोहाकडं तोंड केलं आणि शेजारणीचा निरोप घ्यावा तशा मोठ्या आवाजात म्हणाली, “जातो आमी. जातो.”

रामकिसनच्या अंगावर काटा आला. “अहो मावशी, भलतं काय बोलता? येतो म्हणावं!”

“गावात म्हनते. इथं नाय.”

“का?”

“का म्हंजी? सासू म्हनायची, तिची सासू म्हनायची. येतो म्हनलं की वाट बगतंय.”

“कोण?”

म्हातारीनं तंबाखू थुंकली. “मला काय ठावं! मी कदी म्हनलंच नाय.”

आता यावर शिकल्या माणसानं काय बोलावं? त्यानं मान हलवली, पिशवी खांद्याला लावली, डोहावरून एक शेवटची नजर फिरवली आणि जिभेनं आपलं रोजचं काम केलं. “बरंय, येतो हं.”

म्हातारी जागच्या जागी थांबली. “हे मला म्हनला, का तिकडं?”

“तुम्हालाच की.”

“तोंड तिकडं व्हतं तुमचं,” ती म्हणाली, आणि मेंढरांमागं भराभरा चालायला लागली.

वर फाट्याच्या वाटेला लागल्यावर रामकिसनच्या ध्यानात आलं, की शिट्ट्या थांबल्या होत्या. माणसाची चाहूल लागली की जनावर गप्प होतं, यात नवल नाही. पण मघापासून चाहूल होतीच की. तेव्हा ती गप्प झाली नव्हती.

४

शहरात त्या दिवसांत दोनच विषय होते, कारखाने आणि नामांतर. एका भिंतीवर ‘झालेच पाहिजे’, समोरच्या भिंतीवर ‘होऊ देणार नाही’. मोर्चा निघाला की कॉलेज अर्ध्यावर सुटायचं. अशाच एका सुटलेल्या दुपारी स्टाफरूममध्ये दोघंच उरले होते, रामकिसन आणि इतिहासाचे पुंजाराम साळवे. रामकिसननं म्हातारीची गंमत रंगवून सांगितली आणि वर म्हणाला, “शब्दाला एवढं काय धरून बसायचं, साळवे? आता हेच बघा ना. विद्यापीठाचं नाव! नावात काय आहे एवढं?”

साळव्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “काही नसतं, तर देऊन टाकलं असतं की, सर. नाही म्हणणारे एवढा जीव का काढतायत?”

रामकिसन ओशाळला. त्यानं घड्याळ बघितलं आणि उठला. “येतो हं,” म्हणाला.

संध्याकाळी मामांकडं जाऊन त्यानं सांगून टाकलं, तिथं पाणमांजर आहे.

“डोळ्यांनी बघितलंस?” मामांनी शांतपणे विचारलं.

“खुणा बघितल्या. शिट्टी ऐकली.”

“खुणा म्हणजे जनावर नव्हे. धूर बघून कुणी आग लागली असं लिहून देत नाही.” मामा उठले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “परत जा, नीट बघ. दिसलं तर आहे म्हणून लिही, नाही दिसलं तर नाही म्हणून. खोटं लिही असं मी तुला कधी म्हणेन का? आणि चतुराला सांग, बैठक जवळ आलीय.”

५

दुसऱ्या खेपेला तो भल्या सकाळीच डोहावर पोचला. पावलं बघायची त्याची एक रीत होती. बाभळीच्या डहाळीनं वाळूची पट्टी झाडून सपाट करायची, मग लांब बसायचं. जे कुणी येईल-जाईल, ते वाळूवर उमटतं.

त्यानं पट्टी साफ केली आणि उंबराला पाठ टेकून बसला. ऊन वर आलं. खंड्या पाण्यावर झेप घेऊन गेला. शिट्टी नाही, हालचाल नाही. बिळाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं धरलं होतं. मधूनच त्याचा डोळा लागला असेल, नसेल. भाकरी सोडायला म्हणून तो उठला आणि वाळूकडं बघितलं.

पावलं होती.

तो हरखला, वाकून बघायला लागला. पाण्यातून निघालेली, काठाकडं आलेली, पाच बोटांची. बघता बघता त्याचं हरखणं हळूहळू कमी झालं. सगळी पावलं पाण्यातून वर येणारी होती. परत जाणारं एकही नव्हतं.

‘खडकावरून गेलं असेल,’ तो मनाशी म्हणाला. शास्त्राचा माणूस, त्याच्याजवळ कारण तयार असायचं. पण खडक पार पलीकडं होता. मग त्याला दुसरं दिसलं. पावलं लांब होती, पाणमांजराच्या मानानं फारच लांब. मागं टाचेसारखा गोल खळगा. ‘पुढच्या पावलावर मागचं पाऊल पडलं की ठसा लांबतो.’ हेही खरंच आहे, तो पोरांना हेच शिकवायचा. पण दर पावलाला? एकदाही न चुकता?

ओळीनं बघत तो चढाकडं सरकला. पावलं उंबराकडं गेली होती. वाळू जिथं संपते तिथं, त्यानं पाठ टेकली होती त्या बुंध्याच्या मागच्या अंगाला, शेवटचा ठसा होता. त्यात पाणी अजून जिरत होतं.

रामकिसन ओरडला नाही, पळाला नाही. त्याला फक्त थंडी वाजली, भर उन्हात. भाकरीचं फडकं त्यानं तसंच पिशवीत कोंबलं, पिशवी उचलली, आणि सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात लव्हाळ्यातून आवाज आला.

“येतो हं.”

शेवटाला जरा वर चढवलेला. समजूत काढावी तसा.

त्यानं ओठांवर हात ठेवला. आपणच बोललो असू. सवयीचं आहे, बोललेलं कळतसुद्धा नाही माणसाला. आणि पाण्यावरून आवाज उलटून येतो. येतो की नाही? येतो. पण त्याच्या हाताखाली ओठ मिटलेलेच होते, आणि ते त्याला नीट ठाऊक होतं.

चढावर मंजुळाबाई घोडीवर बिऱ्हाड बांधत होती.

“कुठं निघालात, मावशी? उन्हाळा तर अजून लागायचाय.”

“मेंढरं इथलं पानी पीनात.”

“कधीपासून?”

म्हातारीनं दोरीची गाठ आवळली. “तुमी येऊन गेल्यापून. आत्ता परत म्हनलात तुमी. मी ऐकलं.”

“मी नाही म्हणालो.”

“मंग कोन म्हनलं?”

खाली डोह ऊन घेत पडला होता. म्हातारीनं त्याचा दंड धरला, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “लेकरा, अजूनबी येळ हाय. तिकडं तोंड कर, आन् जातो म्हन. म्हंजी त्याला कळंल, की तू गेला.”

“मी असलं काही मानत नाही, मावशी.”

“नाय ना मानत? मंग म्हनायला काय जातंय?”

बिनतोड बोलली. काय जात होतं? रामकिसन वळला. खाली पाणी, वाळू, ती एकाच दिशेची पावलं. त्यानं तोंड उघडलं. ‘जा’ इथपर्यंत जीभ गेली, आणि त्याला तव्यावर करपणाऱ्या भाकरीचा वास आला, गालावर आईचा हात आला, रडतानाचं तिचं तोंड आलं. म्हातारीचं खूळ त्याला मानायचं नव्हतं, आणि आईचं खूळ सुटत नव्हतं. शब्द टाळ्याला चिकटून बसला.

“नाही जमत,” तो म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

म्हातारीनं त्याचा दंड सोडला. मग घोडीचा लगाम धरून, मागं न बघता म्हणाली, “जातो आमी.”

६

त्यानं लिहून दिलं. ‘सदर ठिकाणी कोणत्याही प्राण्याचा कायम रहिवास आढळून आला नाही.’ लिहिताना त्यानं मनाशी दहा कारणं घोळवली. डोळ्यांनी पाणमांजर दिसलं नाही, हे खरंच होतं. बिळाला जाळं लागलं होतं, हेही खरंच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला कायम व्हायचं होतं. आणि त्या डोहात मातीच्या गाड्यांवर गाड्या ओतल्या जाव्यात, आत जे काही असेल ते वरून दाबलं जावं, असंही त्याला वाटत होतं. भीती आणि स्वार्थ अशी दोन्ही बैलं एकाच जुवाला लागल्यावर गाडी कशाला थांबते?

साळव्यांना त्यानं हे सांगायला नको होतं, पण राहवेना.

“कुणी राहत नाही म्हणून लिहिलंत?” साळव्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “अठ्ठ्याहत्तर साली आमची वस्ती जाळली, सर. पुढं पंचनामा झाला. त्यात असंच होतं. सदर ठिकाणी वस्ती आढळून आली नाही.”

“ते वेगळं, साळवे.”

“असेल,” ते म्हणाले आणि तासाला निघून गेले.

डोह बुजवायला सुरुवात झाली. मामांनी निरोप धाडला, काम जोरात आहे. आणि त्याच सुमाराला चतुरा म्हणायला लागली, की न्हाणीत मासळीचा वास येतो. तिच्या माहेरी गळ्यात माळ, ती नाकाला पदर लावून मोरी घासायची. ‘नाल्याचा वास आहे,’ रामकिसन म्हणाला. नाला जवळच होता, ते कारण काही वाईट नव्हतं. एकदा मोरीच्या तोंडाशी त्याला दोन-तीन चमकणारे खवले दिसले. ते त्यानं पायानं आत लोटले आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

“दुपारी येऊन गेलात का हो?” एके दिवशी तिनं विचारलं. “फरशी ओली होती.”

“नाही बा.”

“मग सांडलं असेल माझ्याकडूनच.” ती शेंगा सोलत होती. “आणि हल्ली सकाळी निघताना दोनदा का म्हणता?”

“काय?”

“येतो हं, येतो हं. एकदा दारातून म्हणता, मग जरा वेळानं परत, खालून कुठून तरी. मी आपली दोन्हीदा ‘या’ म्हणते.”

रामकिसननं तिच्याकडं बघितलं. तिला सांगावं असं त्याच्या फार मनात आलं. पण सांगायचं तर कुठून सुरू करायचं, आणि कागदावर काय लिहिलं तेही सांगावं लागणार. तो म्हणाला, “एकदाच म्हणत जा.”

“म्हणजे कोणत्या वेळेला म्हणू?” चतुरानं हसून विचारलं.

त्यानंतर त्यानं निघताना बोलणंच सोडलं. चपला घालायचा आणि गुपचूप उतरायचा. त्याला वाटलं, आता मिटलं. चतुराचा आवाज मात्र रोज त्याच्या पाठीमागं जिन्यात यायचा. “या.”

७

बैठक झाली आणि पत्र हातात पडलं. सहीशिक्क्याचं. कायम. रामकिसननं ते तिथंच उभ्या उभ्या परत परत वाचलं आणि शिपायाला मिठीच मारली. साळवे समोरून येत होते, त्यांनीही हात हातात घेतला, मनापासून घेतला. रामकिसनला रडू आलं. एवढ्या वर्षांचं ओझं होतं, भीती कुठल्या कुठं पळाली. असले खुळचट विचार पोटात अन्न नसलेल्या, हंगामी माणसालाच येतात, असं त्याला वाटलं.

गुलमंडीवरून पेढे घेऊन तो दुपारीच घरी निघाला. रस्त्यावर लख्ख ऊन. कुठंतरी लांब मोर्चाच्या घोषणा चालल्या होत्या. जिना चढताना त्यानं ठरवलं, चतुराला आधी पेढा भरवायचा, मग पत्र दाखवायचं.

दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत शहाबादी फरशीवर ओली पावलं होती. लांब, मागं गोल टाचेची, बोटं फाकलेली. ती दारातून सरळ न्हाणीकडं गेली होती. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

न्हाणीचं दार ओढून घेतलेलं. आत तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज येत होता. एक तांब्या, मग जरा थांबून दुसरा. ऊन उतरल्यावर घरी आलेला माणूस सावकाश पाय धुतो, तसं. चतुरा स्टोव्हपाशी होती, तिची पाठ दाराकडं होती. स्टोव्हवर चहा उकळत होता, जवळ कपबशी मांडलेली. ती काहीतरी गुणगुणत होती. ती खुशीत असली की गुणगुणायची. पुष्कळ दिवसांत त्यानं ते ऐकलं नव्हतं.

शेजारी फळीवर पेढ्यांचा पुडा होता. सुटलेला. त्यातला एक पेढा अर्धा खाल्लेला होता.

रामकिसनच्या हातातला पुडा कुरकुरला. ती चाहूल तिला लागली, पण तिनं वळून बघितलं नाही. न्हाणीकडं तोंड करून म्हणाली, “अहो, दारात कुणीतरी आलंय बघा.”

पाण्याचा आवाज थांबला. न्हाणीचं दार बोटभर उघडलं आणि खुंटीवरच्या पंच्यासाठी एक हात बाहेर आला. ओला, काळसर. झरोक्यातलं ऊन त्यावर पडलं. बोटं फाकली तेव्हा बोटांमधली कातडी ताणली गेली आणि तिच्यातून ऊन आरपार दिसलं. पंचा आत गेला. दार परत लागलं.

“चतुरा,” रामकिसन म्हणाला. आवाज त्याला फुटला, पण तो त्याचा वाटेना. घोगरा, परका.

ती वळली. त्याला वाटलं, आता ती किंचाळेल, धावत येईल. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि लगबगीनं डोक्यावरून पदर घेतला.

“कोण पाहिजे आपल्याला?”

“अगं, मी.”

“ते आत आहेत,” ती अदबीनं म्हणाली. दारी आलेल्याशी ती नेहमीच अदबीनं बोलायची. “आत्ताच आलेत कॉलेजातून. आज कायम झाले ना! बसा, चहा घेऊनच जा.” आणि न्हाणीकडं मान वळवून तिनं हाक दिली, “अहो, आवरलं का? पाहुणे थांबलेत.”

“येतो हं,” आतून आवाज आला. शेवटाला जरा वर चढवलेला.

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. एवढ्या वर्षांत रामकिसनला हवं होतं ते हेच. बारीक न झालेला तिचा आवाज, आणि हे हसू. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. पायाकडं बघितलं तर त्याच्या चपलांचा साधा धुळीचा ठसासुद्धा बाहेरच्या फरशीवर उमटलेला नव्हता. न्हाणीची कडी वाजली.

त्यानं पेढ्यांचा पुडा हलक्या हातानं उंबऱ्यावर ठेवला. टाळ्याला इतके दिवस चिकटलेला शब्द आता आपोआप सुटला, काही जोर लागला नाही.

“जातो,” तो म्हणाला.

चतुरा चहा गाळत होती. तिनं ‘या’ म्हटलं नाही.